कार्ड घातलं की गाणं: लेकीसाठी घरी केलेली पेटी

जास्वंद

लेक साडेतीन वर्षांची आहे. गाणं ऐकायचं असलं की "आई, फोन" म्हणायची. फोन दिला की तिने मागितलेलं गाणं एक वाजायचं आणि त्यामागून न मागितलेली चार. काढून घेतला की रडारड. रडण्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट खुपायची. काय ऐकायचं हे ती ठरवतच नव्हती. पहिलं गाणं मी लावायचे, पुढची फोन लावायचा.

माझी नणंद जर्मनीत असते. तिच्या मुलाकडे टोनीबॉक्स पाहिला. मऊ कापडाने मढवलेला ठोकळा, वर बाहुली ठेवली की तिची गोष्ट सुरू, उचलली की बंद. २०१६ पासून तो तिकडे मिळतो. बाहुलीच्या बुडाशी चिप असते, गोष्ट कुठली लावायची ते ठोकळ्याला त्या चिपवरून कळतं. इंग्लंडचा योटो हेच काम कार्डावर करतो. भाचा दोन वर्षांचा असल्यापासून स्वतःची गोष्ट स्वतः लावतो, कुणाला विचारत नाही. ते बघितलं आणि ठरवलं की हे आपल्या घरी व्हायला हवं, आणि त्यात माझ्या आईचा आवाज हवा.

जर्मनीतच टोनुइनो नावाचा खुला प्रकल्प आहे. आर्डुइनो नॅनो हा कोड चालवणारा छोटा बोर्ड, डीएफप्लेअर मिनी हा मेमरी कार्डावरची गाणी वाजवणारा बोर्ड आणि आरसी५२२ हा कार्ड वाचणारा बोर्ड, एवढ्या तीन गोष्टींवर लोक घरोघरी अशा पेट्या करतात. मी तोच सांगाडा घेतला, कोड मात्र शिकायचा म्हणून स्वतः लिहिला. सामान पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळालं. स्पीकर, सुट्या वायरी आणि पंचवीस कोरी कार्डं धरून खर्च पंधराशेच्या आत.

काम असं चालतं. आरसी५२२ हा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो. कार्डात बॅटरी नसते, कडेकडेने फिरवलेली तारेची वेटोळी असतात. बोर्डाच्या लहरींतूनच त्यांना वीज मिळते आणि कार्ड उत्तर देतं. मी घेतलेल्या मायफेअर क्लासिक जातीच्या कोऱ्या कार्डावर १ किलोबाइट जागा असते. तिथे मी फक्त फोल्डरचा नंबर लिहिते. गाणं कार्डात नसतं, ते पेटीतल्या मेमरी कार्डावर असतं. नॅनो नंबर वाचतो आणि डीएफप्लेअरला सांगतो, "सात नंबरचं फोल्डर लाव." फोल्डरांची नावं ०१ ते ९९, आतल्या फाइली ००१, ००२ अशा. नंबर कार्डावरच असल्याने नवीन कार्ड करायला कोडला हात लावावा लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीत. मला कार्ड खाचेत असेपर्यंत गाणं आणि काढलं की शांत, असं हवं होतं. पहिल्या दिवशी कार्ड घातलं तर गाणं उचकी लागल्यासारखं वाजायला लागलं. अर्धा सेकंद सुरू, अर्धा सेकंद बंद. तीन संध्याकाळी मी वायरी तपासत बसले. वायरींत काही नव्हतंच. आरसी५२२ साठीच्या नेहमीच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडात, "नवीन कार्ड आहे का?" असं सारखं विचारत राहिलं, तर जागच्या जागी असलेलं कार्डसुद्धा एकदा "हो" आणि एकदा "नाही" म्हणतं. आणि वाचल्यावर कार्डाला झोपवलं, तर ते उचलून परत ठेवेपर्यंत उत्तरच देत नाही. म्हणून झोपवायचं नाही, आणि लागोपाठ तीन वेळा "नाही" आलं तरच कार्ड काढलं असं मानायचं. एवढ्या बदलाने उचकी थांबली. कुणी करायला घेणार असेल तर या तीन संध्याकाळी वाचवा.

दुसरी चूक पेटीची. घरात पोह्यांचा जुना स्टीलचा डबा होता, देखणा, झाकण घट्ट. सगळं त्यात बसवलं आणि एकही कार्ड वाचेना. धातूजवळ त्या वेटोळ्यांचं काही चालत नाही. मग कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडून देवदाराच्या फळ्यांची पेटी करून घेतली, वर ३ मिलिमीटर प्लायचा तुकडा. प्लायच्या आडून कार्ड व्यवस्थित वाचलं जातं.

सध्या सात कार्डं आहेत. चिमणीच्या चित्राचं बडबडगीतांचं, एसटीच्या चित्राचं प्रवासातल्या गाण्यांचं, चांदोबाचं अंगाईचं आणि बाकी गोष्टींची. आजीच्या कार्डावर आजीचा फोटो आहे. त्यात आई जात्यावरच्या चार ओव्या म्हणते आणि मध्येच थांबून विचारते, "ऐकतेस ना गं बाळे?" लेक रोज त्या जागी पेटीला "हो" म्हणते.

गाणं संपलं की पेटी गप्प बसते. पुढचं आपोआप लागत नाही. हा नियम मी मुद्दाम ठेवलाय.

---

डाखकाम

फार छान झालंय, जास्वंदताई. मी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतोय, त्या नजरेने चार गोष्टी सांगतो.

आरसी५२२ च्या पाकिटात पिना सुट्या येतात. बरेच जण त्या नुसत्या भोकात खुपसून चालवायला बघतात. डाख (सोल्डर) दिल्याशिवाय चालायचं नाही. सुरुवातीलाच बोर्डाचा व्हर्जन नंबर वाचून बघा. ९१ किंवा ९२ आलं तर ठीक. शून्य किंवा एफएफ आलं तर बोर्डाशी बोलणंच होत नाहीये, आधी वायरी आणि डाख बघा.

हा बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे, नॅनो ५ व्होल्टचा. थेट जोडून लोक चालवतात आणि चालतंही, पण मी मध्ये व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर घालतो. त्यापेक्षा नॅनोच्या जागी ईएसपी३२ हा बोर्ड घेतला तर तो मुळातच ३.३ चा असल्याने प्रश्नच मिटतो. स्वस्त नॅनोच्या ३.३ च्या पिनेत फारसा दम नसतो. कार्ड कधी वाचतं, कधी नाही असं झालं तर बोर्डाला वेगळा रेग्युलेटर द्या.

नॅनोकडून डीएफप्लेअरच्या आरएक्स (हुकूम घेणाऱ्या) पिनेला जाणाऱ्या वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर घातलात का? नसेल तर स्पीकरमधून बारीक गुरगुर येते. आणि डीएफप्लेअरवरून स्पीकरला जाणाऱ्या दोन तारांपैकी एकही ग्राउंडला जोडायची नाही. जुन्या सवयीने लोक जोडतात आणि बोर्ड जातो.

बॅटरी कुठली वापरलीत? त्याबद्दल लिहिलेलं नाही.

---

जास्वंद

डाखकामदादा, १ किलोओहम घातलाय. तरी गाणं हळू असताना मागे "टक टक टक" ऐकू यायचं. आरसी५२२ दर वेळी कार्ड शोधतो तेव्हा वीज ओढतो, ते असावं असं वाटून डीएफप्लेअरच्या सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला आणि त्याची ग्राउंडची वायर वेगळी नेली. आता कान लावला तरच येतं.

बॅटरी अजून नाही. सध्या मोबाईलच्या चार्जरवर चालते. पॉवर बँक लावून बघितली, पण पेटी शांत असली की ती थोड्या वेळाने आपणहून बंद पडते.

---

डाखकाम

बँकेला वाटतं फोन भरला, म्हणून ती बंद होते. पेटी फार कमी वीज खाते ना.

१८६५० मापाचा एक चांगला लिथियम सेल आणि टीपी४०५६ चा चार्जिंग बोर्ड घ्या. पण संरक्षणाचं सर्किट असलेलाच घ्या. बिनसंरक्षणाचाही मिळतो आणि दिसायला जवळजवळ तसाच असतो. ज्यावर सेलसाठी बी-प्लस, बी-मायनस आणि बाहेर द्यायला आउट-प्लस, आउट-मायनस अशी चार टोकं असतात तो घ्यायचा. मी पुतण्यासाठी एक पेटी केली होती, तीत साधा लावला. पेटी चालू राहिली आणि सेल पार तळाला गेला. वापरातून गेला तो गेलाच. असा सेल पुन्हा चार्ज करायच्या भानगडीत पडू नका, तो धोक्याचा असतो.

भंगारातल्या लॅपटॉपचे सेल पोरांच्या वस्तूत घालायचे नाहीत, कितीही चांगले दिसले तरी. सेलच्या बाजूचं झाकण स्क्रूने बंद करायचं, चिकटपट्टीने नाही. आणि चार्जिंग मोठ्या माणसाने, पेटी बंद ठेवून करायचं. चार्ज होताना पेटी वाजत असली तर सेल कधी भरला ते त्या बोर्डाला नीट कळत नाही.

---

सडा_रांगोळी

इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. एक विचारू का? आमच्या सोसायटीच्या गेटची जुनी कार्डं पडून आहेत. ती चालतील? नवऱ्याचं बँकेचं संपलेलं कार्डही आहे.

---

जास्वंद

सडा_रांगोळी, गेटची बरीचशी कार्डं १२५ किलोहर्ट्झची असतात. ती आरसी५२२ ला दिसतच नाहीत. ओळखायची सोपी युक्ती आहे. एनएफसी असलेल्या फोनच्या पाठीला कार्ड लावा. फोनने काहीतरी प्रतिसाद दिला तर ते १३.५६ चं, आणि फोन ढिम्म राहिला तर बहुतेक १२५ चं. १३.५६ चं निघालं तरी त्यावर गेटवाल्यांची किल्ली असू शकते, मग आपल्याला लिहिता येत नाही.

बँकेचं नको. त्यावरही लिहिता येत नाही, आणि बँकेची कार्डं खेळायची असतात असं मुलीच्या मनात मला भरवायचं नाही. कोरी कार्डं खरंच स्वस्त मिळतात.

लिहिताना एक जपा. कार्डाचे सोळा भाग असतात, प्रत्येकात चार खण. प्रत्येक भागातला शेवटचा खण कुलपाचा असतो. म्हणजे ३, ७, ११ असे. त्यात चुकून काही लिहिलं गेलं तर तो भाग कायमचा बंद होऊ शकतो. मी ४ नंबरच्या खणात लिहिते.

---

राईनकाठ

मी ड्युसेलडॉर्फजवळ राहतो, घरी टोनीबॉक्स आहे. स्वतःचं रेकॉर्डिंग भरायची बाहुली मिळते, तीत आम्ही मराठी गोष्टी भरल्यात. चालतं छान, पण एका बाहुलीत नव्वद मिनिटं आणि प्रत्येक नवीन बाहुलीचे पैसे वेगळे. त्यामुळे टोनुइनोचा विचार चाललाय.

अडचण अशी की साताऱ्याहून आजोबा गोष्टी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात. शंभरेक तरी साठल्यात. त्या डीएफप्लेअरवर टाकल्या तर वाजतच नाहीत.

---

जास्वंद

व्हॉट्सॲपचा आवाज ओपस प्रकारात येतो. डीएफप्लेअरला एमपी३, डब्ल्यूएव्ही आणि डब्ल्यूएमए एवढंच कळतं. संगणकावर एफएफएमपेग या प्रोग्रामने सगळ्या फाइली एकदम एमपी३ करून घ्या. एकच स्पीकर आहे, त्यामुळे मोनो पुरतं.

आणि मग ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्यांचा आवाज समान, नक्की करा. आजोबा कधी फोन तोंडाशी धरून बोलले असतील, कधी ओसरीवर ठेवून. एक गोष्ट कुजबुजल्यासारखी आणि पुढची अंगावर आल्यासारखी वाजते. माझी मुलगी एकदा अशीच दचकली आणि दोन दिवस पेटीजवळ गेली नाही. तेव्हापासून मी एकही फाइल समान केल्याशिवाय टाकत नाही.

मॅकवरून फाइली टाकत असाल तर तो लपलेल्या फाइलीही सोडून देतो, मग डीएफप्लेअरचे आकडे चुकतात. त्या काढून टाका.

राईनकाठ, शंभर गोष्टी असतील तर त्या सगळ्या एका कार्डावर घालू नका. एका कार्डावर एकच गोष्ट. मुलाला ते कार्ड म्हणजे ती गोष्ट, असं घट्ट वाटायला हवं.

---

बिगरी

मी बालवाडीत शिकवते. थोडा वेगळा सूर लावते, राग नसावा. साडेतीन वर्षांच्या मुलाला यंत्र कशाला? आपण म्हणावं ना गाणं. माझ्या वर्गात बघते, मुलं माणसाच्या तोंडाकडे बघून गाणं शिकतात. ओठ कसे हलतात, डोळे कसे होतात, यातून.

---

जास्वंद

बिगरीताई, राग कसला. मी हा विचार पुष्कळ केलाय.

मी गाते. रोज रात्री गाते. पण आई सांगलीला आहे, वर्षातून दोनदा भेट होते. व्हिडिओ कॉलवर मुलगी दोन मिनिटं बसते आणि पळते. त्या कार्डामुळे आईच्या ओव्या तिच्या कानात रोज आहेत. या वेळी आई आली आणि ओवी म्हणायला लागली, तेव्हा मुलीने पुढची ओळ उचलली. पहिल्यांदाच समोरासमोर, आजीच्या तोंडाकडे बघत. पेटी नसती तर ती ओळ तिला आली नसती.

आणि दुसरं, ती खाचेत कार्ड घालते ते बघण्यासारखं असतं. सगळी कार्डं जमिनीवर मांडते. एक उचलते, ठेवते, दुसरं उचलते. पाच-पाच मिनिटं विचार करते. मग एक निवडून घालते आणि ताठ बसते. हे निवडणं फोनमध्ये कुठे होतं?

---

बिगरी

जमिनीवर मांडण्याचं लिहिलंत ते पटलं. वर्गात चित्रकार्डांशी मुलं असंच करतात. आवाज किती ठेवता? आमच्याकडे वाजणारी खेळणी येतात ती कानठळ्या बसवणारी असतात.

---

डाखकाम

डीएफप्लेअरचा आवाज ० ते ३० असतो. कोडमध्येच वरची हद्द घाला, म्हणजे बटण कितीही दाबलं तरी पुढे जाणार नाही. सुरू होताक्षणी पातळी आपण पाठवायची, त्याच्यावर सोडायची नाही. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, एवढी मर्यादा धरते. फोनवर आवाज मोजणारं ॲप टाका, मूल बसतं तिथे धरा आणि बघा. ॲप तंतोतंत नसतं, म्हणून मी सत्तरच्या आतच ठेवतो.

---

शेवंता

धाग्यात पहिल्यांदाच लिहितेय. माझा भाचा पाच वर्षांचा आहे, त्याला जन्मापासून दिसत नाही. गाण्यांचं वेड आहे. फोनवर काच सपाट, हाताला काहीच लागत नाही, म्हणून दर वेळी कुणालातरी हाक मारतो. हे वाचलं आणि वाटलं, हे त्याच्यासाठीच आहे.

पण त्याला चित्र कसं कळेल? कार्डांचे कोपरे वेगवेगळे कापले तर? एकाचा गोल, एकाचा तिरका असं?

---

डाखकाम

कापू नका! तारेची वेटोळी कार्डाच्या कडेकडेनेच फिरलेली असतात. कोपरा कापला की तार तुटते आणि कार्ड मेलं. भोकही पाडायचं नाही. अंधारात कार्डामागे टॉर्च धरून बघा, बऱ्याच पांढऱ्या कार्डांत तार कुठून गेलीय ते दिसतं.

---

जास्वंद

शेवंताताई, कापायच्या ऐवजी चिकटवा. पॉलिश पेपरचा तुकडा, सुतळीचं वेटोळं, मोठं चपटं बटण, मखमल, तांदळाचे दाणे. धातूचं मात्र काही नको, जरीची पट्टीसुद्धा नको. साधा पांढरा गोंद या प्लास्टिकवर धरत नाही, सोलून निघतो. मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरते. बटण वगैरे असेल तर दोन भागांचा एपॉक्सी. भाचा वस्तू तोंडात घालत असेल तर सुटं होईल असं काहीच लावू नका.

कार्डाची पुढची-मागची कुठलीही बाजू आली तरी ते वाचतं, त्यामुळे त्याची काळजी नाही. पुढे शाळेत ब्रेल शिकला की तीच पट्टी कार्डावर लावता येईल.

तुम्ही कुठे असता? पुण्यात असाल तर पेटी मीच करून देते. सामान तुम्ही आणा.

---

शेवंता

आम्ही कोल्हापूरला. तुम्ही एवढं म्हणालात त्यातच आलं. इथला ओळखीचा रेडिओवाला करून देतो म्हणालाय, त्याला हा धागा वाचून दाखवला. डाखकामदादांचा बॅटरीचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचायला लावला.

काल घरातली जुनी लग्नपत्रिका कार्डाएवढी कापून तिच्यावर सुतळी आणि पॉलिश पेपर लावून भाच्याच्या हातात दिली. सुतळीचं म्हणजे आत्याचं गाणं, खरखरीत म्हणजे पावसाचं, असं सांगितलं. तीन मिनिटांत पाठ. आता दिवसभर विचारतोय, घालायचं कुठे?

रेडिओवाल्याचे दोन प्रश्न आहेत. खाच किती रुंद ठेवायची? आणि भाच्याला ती हाताने कशी सापडेल?

---

जास्वंद

नुसतं कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं आणि ८५.६ गुणिले ५४ आकाराचं. सुतळी-बटण लावणार असाल तर ते कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागातच लावा, म्हणजे खाचेत जाणारा खालचा भाग सपाट राहील आणि धरायलाही तेच उपयोगी पडेल. मग खाच ३ मिलिमीटर पुरे. लांबी कार्डाच्या लांब बाजूपेक्षा ४ मिलिमीटर जास्त. खोली अशी ठेवा की कार्डाचा निम्मा भाग वर राहील. आरसी५२२ खाचेच्या भिंतीमागे उभा बसवायचा, खाली आडवा नाही, आणि स्पीकर दुसऱ्या टोकाला, त्याच्या लोखंडापासून लांब.

खाचेच्या दोन्ही कडा कानशीने आतल्या बाजूला तिरक्या घासायला सांगा, घमेल्यासारख्या. कार्ड थोडं बाजूला टेकलं तरी घसरून आत जाईल. आणि खाचेच्या दोन्ही टोकांना लाकडाची एकेक उभी पट्टी लावा, बोटभर उंच. त्याने दोन्ही हात त्या पट्ट्यांना लावले की मधे खाच आहे हे कळेल.

आत्याचं गाणं रेकॉर्ड करताना सुरुवातीला तिला भाच्याचं नाव घ्यायला सांगा.